आधी लेकरांच्या नावानं अर्ज, मग आपल्या

सांगली जिल्ह्यातल्या विट्यात तहसील कचेरीजवळ माझं महा ई-सेवा केंद्र आहे. नवरा वारलेली किंवा नवऱ्यानं टाकलेली बाई पहिल्यांदा येते तेव्हा सोबत भाऊ नाहीतर बाप असतो आणि बोलणं तोच सुरू करतो. "ते विधवा पेन्शनचं बघा की ताई." मी त्याला बसायला सांगते आणि बाईला विचारते, मुलं किती, वयं काय.

कारण हिशोब साधा आहे. संजय गांधी निराधार योजनेत बाईला महिन्याला १,५०० रुपये मिळतात. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एका मुलाला महिन्याला २,२५० मिळतात. दोन लेकरं असली की ४,५०० झाले. तरी माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या सात-आठ जणींना बालसंगोपनाचं नावही ठाऊक नसतं, आणि संजय गांधी मात्र गावातल्या प्रत्येक पुढाऱ्याच्या तोंडात असतं. मी स्वतः मुलगा लहान असताना माहेरी आले तेव्हा मलाही संजय गांधीच सांगितलं गेलं होतं. म्हणून इथं उलट्या क्रमानं सांगते.

पण त्याच्याही आधी थोडं, ज्यांचा माणूस नुकताच गेलाय त्यांच्यासाठी. कारण काही मुदती दुखवट्यातच संपतात.

पहिले तीस दिवस

शेतकरी माणूस साप चावून, विजेचा धक्का बसून, विहिरीत पडून, रस्त्यावरच्या अपघातात गेला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसाला २ लाख मिळतात. सातबारा त्याच्या नावावर नसला, वडिलांच्या नावावर असला तरी कुटुंबातल्या एका सदस्याला ही योजना धरते. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं, तोही तीस दिवसांच्या आत. पोलीस पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मृत्यू दाखला, सातबारा, वारसाची कागदपत्रं. आता हे तीस दिवस म्हणजे नेमके ते, ज्यात बाईनं उंबरा ओलांडू नये असं अजून पुष्कळ घरांत म्हणतात. पलीकडच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ग्रामसभेचा ठराव केला, त्यानंतर शासनानं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं कळवलंही. ठराव आपल्या गावात झालेला असो नसो, कृषी खात्याचं कॅलेंडर थांबत नाही. तुम्हाला जाता येत नसेल तर दिराला, भावाला पाठवा, पण अर्ज आत गेला पाहिजे आणि पोच हातात आली पाहिजे.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत झाली तर काहीच त्रास नाही. एक वर्ष उलटलं तर मोठ्या साहेबांचा आदेश लागतो. आमच्या खानापूर-आटपाडीकडची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यात केरळ, तमिळनाडू, कुठं कुठं पसरलीत. तिकडं माणूस गेला की मृतदेह गावी येतो, अंत्यविधी गावी होतो आणि घरचे ग्रामपंचायतीत दाखला मागायला जातात. दाखला जिथं मृत्यू झाला तिथलाच मिळतो. म्हणून तिकडच्या दुकानातल्या, ओळखीतल्या माणसाला लगेच सांगून ठेवा आणि एक नव्हे, पाच-सहा मूळ प्रती मागवा. नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणंच आहे का ते तिथंच तपासायला लावा. परक्या मुलखात दुरुस्ती करणं फार जिवावर येतं.

याच दिवसांत नवऱ्याच्या बँक पासबुकाच्या नोंदी भरून आणा. मे अखेर किंवा जूनच्या सुरुवातीला ४३६ रुपये कापलेले दिसले तर तो प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा आहे, मृत्यू कशानंही झाला तरी २ लाख. २० रुपये कापलेले दिसले तर सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला २ लाख. गलाईवाल्यांना ना पीएफ, ना काही, त्यामुळं कित्येक घरांत हाच एक आधार निघतो, आणि तो असल्याचं घरात कुणालाच माहीत नसतं. बँकेत जाऊन "काही विमा होता का" असं विचारू नका, नोंदीवर बोट ठेवून दावा अर्ज मागा. फायनान्स कंपनीचं किंवा गटाचं कर्ज असेल तर तिथंही विचारा की कर्ज देताना विम्याचे पैसे कापले होते का, नवऱ्याचं नाव त्यात होतं का. कापले असतील आणि नवऱ्याचं नाव असेल तर उरलेले हप्ते तुम्ही भरायचे नाहीत.

आणि एक. तेराव्याच्या आसपास कुणीतरी हक्कसोडपत्राची गोष्ट काढतं. "तुला पोरांना सांभाळायचंय, जमिनीचं झंझट कशाला." सही करू नका. नवऱ्याच्या मिळकतीत तुम्ही, तुमची मुलं आणि तुमची सासू, सगळे वारस आहात. मुलांचा हिस्सा तर कोर्टाच्या परवानगीशिवाय तुम्हालाही सोडता किंवा विकता येत नाही. उलट तलाठ्याकडं वारस नोंदीचा अर्ज द्या. सातबाऱ्यावर तुमचं नाव लागेल, मुलांचीही लागतील आणि त्यांच्यापुढं "अ.पा.क. आई", म्हणजे अज्ञान मुलांची पालनकर्ती, म्हणून पुन्हा तुमचं. २०२५ मध्ये शासनानं जिवंत सातबारा मोहीम काढली ती याच राहिलेल्या वारस नोंदींसाठी.

नोकरी, बांधकाम, कारखाना

नवरा कुठल्याही कंपनीत, सूतगिरणीत, कारखान्यात पीएफ कापून कामाला असेल तर तीन वेगळे पैसे असतात आणि लोक एकच घेऊन गप्प बसतात. साठलेला पीएफ फॉर्म २० वर, पेन्शन फॉर्म १०-डी वर, विमा फॉर्म ५-आयएफ वर. विम्याचे ७ लाखांपर्यंत मिळू शकतात. पेन्शनला दहा वर्षं नोकरी लागते हा समज निवृत्तीसाठी खरा आहे. नोकरीत असताना माणूस गेला तर एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवेला पेन्शन बसते, किमान १,००० रुपये. शिवाय दोन मुलांना पंचवीस वर्षांपर्यंत, प्रत्येकी विधवेच्या पेन्शनच्या पाव हिश्शाइतकं.

बांधकाम कामगार म्हणून कल्याणकारी मंडळात नोंदणी आणि नूतनीकरण चालू असेल तर नैसर्गिक मृत्यूला २ लाख, कामावर अपघातात गेला तर ५ लाख, अंत्यविधीला १० हजार आणि जोडीदाराला वर्षाला २४ हजार, पाच वर्षं. इथं जोडीदार म्हणजे नवराही. गवंडीकाम करणारी बाई गेली आणि मागं नवरा व दोन मुली राहिल्या तर त्यालाही हे मिळतं. साताऱ्याकडच्या पाटण-जावळीतल्या बायकांचे नवरे नवी मुंबईत माथाडीत, म्हणजे हमालीला, असतात. त्यांनी ज्या माथाडी मंडळात नाव आहे तिथं जाऊन पीएफ आणि ग्रॅच्युइटी दोन्ही विचारावी, टोळीच्या मुकादमाच्या शब्दावर राहू नये.

सरकारी नोकरी असेल तर कुटुंब निवृत्तीवेतन आणि अनुकंपेची नोकरी. ते कार्यालय तुम्हाला स्वतःच सांगेल, त्यावर जागा घालवत नाही.

बालसंगोपन: सगळ्यात कामाची गोष्ट

आई किंवा वडील वारलेले, घटस्फोट झालेला, एकानं सोडून दिलेलं, अशा एकल पालकाच्या अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी ही योजना. २०२३ मध्ये रक्कम १,१०० वरून २,२५० झाली. मूल वडिलांकडं राहत असेल तर वडिलांनाही अर्ज करता येतो. बायको गेलेला माणूस माझ्याकडं येतो तेव्हा फारच अवघडून बसतो, बायकांच्या योजना मागायला आल्यासारखा. ही योजना मुलाची आहे. आईची नाही नि बापाचीही नाही.

अर्ज द्यायचा जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात. जिल्हा परिषदेत महिला व बालकल्याण विभाग म्हणून दुसरंच खातं आहे, त्याचा या योजनेशी संबंध नाही. नावं इतकी सारखी की जतहून, आटपाडीहून पोरगं कडेवर घेऊन आलेली बाई आधी तिकडंच जाते, रांगेत उभी राहते आणि मग कळतं. एसटीला आता बायकांना अर्धं तिकीट आहे हे खरं, पण बुडालेली हजेरी कोण देतं? तर रिक्षावाल्याला सांगताना "झेडपी" म्हणू नका.

कागद असे: मुलाचं आणि पालकाचं आधार, जन्मदाखला, शाळेत असेल तर बोनाफाईड, मृत्यू दाखला किंवा कोर्टाचे कागद, उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, बँक पासबुक, आणि घरासमोर पालक व मुलं एकत्र उभी असलेला पोस्टकार्ड आकाराचा फोटो. हा फोटो बहुतेकांचा राहतो. मोबाईलवर काढून आणलात तर छापून मिळतो, फक्त मागं घर दिसलं पाहिजे. नवरा जिवंत आहे पण सोडून गेलाय, कोर्टात काहीच नाही, अशा वेळी गावपातळीवरचे दाखले आणि पोलिसांत दिलेला एखादा अर्ज असेल तर तो, जे जे आहे ते सगळं जोडा.

त्यानंतर घरी गृहभेट होते. घर चांगलं दिसावं म्हणून कुणाची टीव्ही-खुर्च्या आणून मांडू नका, आणि गरीब दिसावं म्हणून असलेलं लपवूही नका. घरात किती माणसं, कमावतं कोण, मूल शाळेत जातं का, इतकंच बघतात. मग बाल कल्याण समितीपुढं मुलासह हजर राहायचं. "समिती" म्हटल्यावर बायका घाबरतात, मूल काढून घेतील असं वाटतं. तसं काही नसतं. मुलाशी चार शब्द बोलतात आणि आदेश काढतात. या आदेशाची झेरॉक्स घेतल्याशिवाय तिथून हलू नका, पुढं सगळीकडं त्याचाच नंबर विचारतात.

त्याच कार्यालयात मिशन वात्सल्यचं प्रायोजकत्वही विचारा. ते केंद्राचं आहे, मुलामागं महिना ४,०००. वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२ हजार आणि शहरात ९६ हजारांच्या आत हवं, निवड जिल्ह्याची समिती करते. एका मुलाला दोन्ही मिळत नाहीत. माझा सल्ला असा की बालसंगोपनाचा अर्ज आत टाका आणि वात्सल्यसाठी नाव सांगून ठेवा. मोठ्या रकमेची वाट बघत छोटी सोडण्याइतके दिवस आपल्याकडं नसतात.

आणि हे पैसे दर महिन्याच्या एक तारखेला पडत नाहीत. कधी चार-पाच महिन्यांचे एकदम येतात. त्यावर किराणा मालाची उधारी ठरवू नका. आले की शाळेचं, दवाखान्याचं आणि थोडं मागं टाकायचं, अशी सवय लावलेली बरी.

मग आपल्या नावाचं

संजय गांधी निराधार योजना विधवेला आहे, परित्यक्तेला आहे, घटस्फोटाचा दावा चालू असलेलीला आहे, आणि घटस्फोट झाला पण पोटगी मिळत नाही तिलाही आहे. "आधी घटस्फोट घे मग बघू" असं सांगणारे पुष्कळ भेटतील, त्यांचं ऐकू नका. वय ६५ च्या आत, महाराष्ट्रात पंधरा वर्षं वास्तव्य, आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव किंवा वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत. अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत.

वर्षाला २१ हजार म्हणजे महिन्याला साडेसतराशे. तासगावकडं द्राक्षबागेत कामाला जाणारी बाई तेवढे किती दिवसांत मिळवते ते तुम्हीच मोजा. ही मर्यादा कधी वाढेल तेव्हा वाढेल. तोवर एवढं करा, तलाठ्याच्या अहवालात नवऱ्याचा जुना पगार किंवा तुम्ही राहता त्या भावाचं उत्पन्न तुमच्या नावावर मोजलं गेलंय का ते दाखला निघायच्या आधी विचारा. दाखल्यावर एकदा आकडा छापला की तो बदलायला पुन्हा पहिल्यापासून. पैसे घेऊन पाहिजे तो आकडा घालून देतो म्हणणारा कुणी भेटला तर मात्र उठून या.

दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस ६० च्या आत गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी २० हजार त्याच शाखेत मागायचे. लोक मासिक अनुदानाचा अर्ज देतात आणि हा विसरतात.

लाडकी बहीण चालू असेल तर लक्षात ठेवा, दुसऱ्या सरकारी योजनेतून महिना १,५०० मिळणारी बाई त्यात बसत नाही. म्हणजे संजय गांधी आणि लाडकी बहीण दोन्ही नाही. नव्या अर्जांची मुदत १५ ऑक्टोबर २०२४ ला संपली, तेव्हा त्यावेळी न भरलेल्यांनी संजय गांधीच धरावी. आणि जिचं आधीपासून चालू आहे पण नवरा आता वारला, तिनं मृत्यू दाखल्याची प्रत अंगणवाडी सेविकेकडं देऊन ठेवावी, केवायसीत नवऱ्याच्या आधारापाशी गाडी अडते.

नवरा जिवंत असेल तर पोटगी

यासाठी घटस्फोट लागत नाही. पूर्वी कलम १२५ म्हणायचे, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. बायको आणि मुलं दोघांसाठी मागता येते. नवरा कोइम्बतूरला असला तरी अर्ज तुम्ही राहता तिथल्या कोर्टात करता येतो. अंतरिम पोटगी नोटीस लागल्यापासून शक्यतो साठ दिवसांत ठरवावी असं कायदाच म्हणतो. तारखा लांबतात ते वेगळं, पण सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलंय की पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. म्हणून अर्ज लवकर पडणं महत्त्वाचं, "समजूत काढतील" म्हणत दोन वर्षं माहेरी बसून राहिलात तर त्या दोन वर्षांचे काही मिळत नाही. दोघांनाही मालमत्ता आणि उत्पन्नाचं शपथपत्र द्यावं लागतं. त्यासाठी नवऱ्याची पगाराची चिठ्ठी, दुकानाचा फोटो, गाडीचा नंबर, सातबारा, जे हाताला लागेल ते जमवून ठेवा. थकली तर एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज टाकायचा.

वकिलाचे पैसे नसतील तर ते द्यायचेच नाहीत. बाईला आणि मुलाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, जिल्ह्याचं प्राधिकरण सांगलीत विजयनगरच्या जिल्हा न्यायालयात. फोन १५१००. मारहाण झाली असेल तर कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात वेगळे पैसे आणि राहायची जागा मागता येते, त्यासाठी संरक्षण अधिकाऱ्याकडं जा किंवा १८१ लावा.

लहान मुलांचं रोजचं

सासरहून माहेरी आलात की पहिल्या आठवड्यातच माहेरच्या अंगणवाडीत मुलाचं नाव घाला. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला घरपोच आहार, तीन ते सहाला गरम जेवण आणि तेवढा वेळ तुम्हाला कामाला जायला मोकळा. सासरच्या अंगणवाडीतून नाव हलवायची सोय सेविकेच्या मोबाईलमध्येच आहे.

शाळेला आरटीईचे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळांत राखून ठेवलेल्या जागांचे, पंचवीस टक्के. दुर्बल घटकात उत्पन्न १ लाखाच्या आत लागतं, आणि विधवा किंवा घटस्फोटित आईला स्वतःच्या नावाचा उत्पन्न व रहिवासी पुरावा चालतो. मुलीचा जन्म १ एप्रिल २०२३ चा किंवा नंतरचा असेल आणि रेशन कार्ड पिवळं-केशरी असेल तर लेक लाडकी योजना बघा, जन्माला ५ हजार, पहिलीत ६ हजार असं करत अठराव्या वर्षी ७५ हजार.

खातं कुणाच्या हातात आहे?

हे पैसे आता आधारला शेवटी जोडलेल्या खात्यातच येतात, अर्जावर कुठलंही खातं लिहिलं तरी. ते खातं सासरच्या गावचं असतं, पासबुक सासऱ्याकडं, मोबाईल नंबर नवऱ्याचा. अनुदान मंजूर झालं आणि सासूबाईंनीच काढलं, असं मी डोळ्यादेखत पाहिलंय. पोस्ट पेमेंट बँकेत स्वतःच्या अंगठ्यावर नवं खातं उघडा, आधार तिकडं जोडायला सांगा, आणि नंबर स्वतःचा द्या. आडनाव मात्र घाईनं बदलू नका. विमा, पीएफ, वारस नोंद, सगळे दावे जुन्या नावावर निघू द्या, मग काय ते बदला.

संजय गांधीचा हयात दाखला दरवर्षी द्यायचा असतो, मार्चच्या आत उरकून टाका. आणि मुलाचं निळं आधार पाच वर्षांनंतर बोटांचे ठसे देऊन अद्ययावत करावं लागतं, पंधराव्या वर्षी पुन्हा. ते राहिलं तर मुलाचे पैसे मधेच अडकतात. वेळेत केलं तर फुकट होतं, फक्त मुलाला शाळा बुडवून सोबत आणावं लागतं.